सव्वीस प्रती

लेडबरीत नोव्हेंबरमध्ये कागद वाळत नाही.
छापायला म्हणून मीच ओलसर केलेला,
तो मग माझं ऐकेनासा होतो.
चौथ्या दिवशी कडेला करडे ठिपके
आणि वास, दप्तरात विसरलेल्या डब्यासारखा.
एव्हरिल म्हणाली, फ्रीझरमध्ये ठेव.
ठेवला. मटारांच्या पिशवीखाली
तीस ताव, प्लास्टिकात गुंडाळून.
नवरा मासे शोधायला गेला
आणि तिथूनच ओरडला, हे काय, पापड?

चौतीस वर्षं हेरफर्डला मी लोकांचे दात बनवले.
मेण, प्लास्टर, उलटा साचा, सुलटा जबडा.
उलटं कोरायची भीती वाटायचं कारण नव्हतं.
तरी पहिल्याच ठोकळ्यावर नाव सुलटं कोरलं
आणि कागदावर पाहिलं तर
शिरोरेघ तेवढी जागच्या जागी,
बाकी अक्षरं पाठ फिरवून बसलेली
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखी.

आमच्या कामात मोठे प्रश्न नसतात.
खळ पातळ झाली की रंगाचे मणी होतात,
घट्ट झाली की ब्रशचे ओरखडे.
निसण्यावर पाणी की तेल, यावरून
दोन माणसं सहा वर्षं बोलत नाहीत.
प्लायवुड सोलपटतं. चेरी परवडत नाही.
खुणेची खाच अर्धा केस चुकली
की होडीचं प्रतिबिंब होडीला सोडून जातं.
आणि अमेरिकेच्या पाकिटावर लिहावं लागतं,
आतील वस्तूची किंमत.
मी पाच पौंड लिहिते. डोरीन शून्य लिहायची.
तिचं पाकीट परत आलं:
शून्य किमतीचं काही पाठवता येत नाही.

दर वर्षी सव्वीस जण, सव्वीस प्रती,
प्रत्येकाची प्रत्येकाला.

हेडली प्रॉसर आमच्यात सगळ्यांत जुना.
माझा हा पेअरच्या लाकडाचा ठोकळा त्याचाच,
वादळात पडलेल्या झाडाचा,
गॅरेजमध्ये अकरा वर्षं सुकवलेला.
देताना एवढंच म्हणाला, पटाशीच्या पुढे बोट नको.
डाव्या अंगठ्यावर त्याच्या चार व्रण,
नियम कुठून आला ते सांगणारे.

गेल्या साली त्याचा लाल दोन मिलिमीटर सरकला.
सफरचंद एकीकडे, लाली शेजारी.
कुणी काही बोललं नाही.
एव्हरिलनं तर ते चौकट करून जिन्यात लावलं.

यंदा त्याच्या पाकिटातून कोरा कागद निघाला.
उलटून पाहिला. मागूनही कोरा.
कोपऱ्यात पेन्सिलीनं, तिरका, आकडा: १४/२६.
खाली सही, रेघ सोडून उतरत गेलेली.
मी फोन उचलला. ठेवला.

रात्री ताटं आवरताना
कागद टेबलावरच्या दिव्याच्या कडेला आला
आणि आडव्या उजेडात एक फाटक दिसलं,
पाच आडव्या फळ्या, खालची मोडकी,
पलीकडे गवत,
एकेक पातं दाबून उठवलेलं.

डोरीन म्हणते, ठरवूनच केलंय.
एव्हरिल विचारते, सव्वीसदा रंग कोण विसरतं?
त्याला ग्लॉस्टरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे
गाडीनं कोण नेतं, हे दोघींना माहीत नाही.
मी गप्प बसते.

केसभर उंच दात चाव्यात शोधणारं हे बोट,
डोळे मिटून फाटकावरून फिरवलं.
कुठेच काही सरकलेलं नाही.
पण एकच ठोकळा, रंग नाही,
सरकणार तरी काय?

माझ्या तीन प्रती अजून छापायच्या आहेत.
कागद मटारांखाली आहे.
पोस्ट सोमवारी नऊला उघडतं.
किमतीचा रकाना अजून भरलेला नाही.